पागोळ्यांच्या अलीकडे

आमच्या मागच्या पडवीच्या कौलांवरून बावीस पागोळ्या पडतात. मी त्या १९९४च्या जूनमध्ये मोजल्या. त्या वर्षी मेमध्ये लग्न होऊन मी सोलापूरहून पेणला आले होते, शाळेची नोकरी अजून लागायची होती, आणि मृग लागल्यावर जो पाऊस सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. माझ्या माहेरी वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणला तीन हजारांच्या घरात. सोलापूरचा अख्ख्या वर्षाचा पाऊस इथला जुलै तीन आठवड्यांत पाडून मोकळा होतो. माहेरी पाऊस आला की माणसं अंगणात येत. इथे ती आत गेली, दारं लोटली, आणि एकमेकांशी मोठ्यानं बोलू लागली, कारण कौलांवरच्या त्या आवाजात हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं.

सासूबाई मात्र पडवीतच. पाटावर बसून त्या बिरडं सोलत. भिजवून मोड आणलेला कडवा वाल चिमटीत दाबला की साल एकीकडे आणि डाळिंबी एकीकडे. हात त्या कामात आणि डोळे पागोळ्यांच्या पलीकडे, परसात. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ दोघी काही बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, "ही झड आहे. उद्या दुपारपर्यंत उघडेल."

"कशावरून, आई?"

"दयाळ बोलतोय ना. झड लांबायची असली तर तो गप्प असतो."

मला तर पावसापलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. पुष्कळ वेळ कान दिल्यावर शेवग्याच्या दिशेनं एक बारीक, गोड, वर चढत जाणारी शीळ आली. दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच उघाडी पडली. पुढच्या तीस वर्षांत हा अंदाज चुकलेलाही मी पाहिला आहे. पण त्या दिवसापासून पाऊस बघायचा म्हणजे आकाशाकडं नाही, परसाकडं बघायचं, हे मला लागलं ते लागलंच.

परस मोठा नाही, पाच गुंठेही भरायचा नाही. तेव्हा त्यात एक म्हातारा रायवळ आंबा होता, विहिरीवर झुकलेला एक आणि गडग्याकडचा एक असे दोन नारळ, नऊ सुपाऱ्या, पपनस, शेवगा, प्राजक्त, अनंत, केळीचं बेट, न्हाणीच्या पाण्यावर माजलेला आळू. दगडी गडग्याच्या कडेनं दर पावसाळ्यात आपापला उगवणारा तेरडा. भुरभुर, रिपरिप, सर, झड, उघाडी, मळभ हे शब्द मला शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक होते. कोणत्या शब्दाला परसातलं कोण बाहेर येतं, ते आईंनी दाखवलं. भुरभुरीत गोगलगायी गडग्यावर चढतात. सर थांबली रे थांबली की शिंजीर जास्वंदीवर येतो, कारण तेवढा वेळ त्यानं भूक आवरून धरलेली असते. उघाडीचं पहिलं ऊन विहिरीच्या काठावर पडतं आणि तिथे सापसुरळी येऊन पसरते. मळभ राहून हवा कोंडली की संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पाखरं उठतात, आणि मग पाली, बेडूक, कावळे, अंधार पडता पडता वटवाघळं, सगळ्यांचीच पंगत बसते.

नक्षत्रांची नावं मी आईंकडूनच पाठ केली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. "आपल्या दोघींचा पाऊस पाठोपाठच येतो," असं त्यांनी मला त्या पहिल्या ऑगस्टमध्ये सांगितलं. माहेर सोडून तीनच महिने झाले होते. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

त्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मेच्या अखेरीस आगोटीची धांदल होती. लाकडं भरायची, कौलं परतायची, पापड-मिरगुंडांचे डबे उन्हं दाखवून बंद करायचे, मीठ आणि सुकी मासळी चार महिन्यांची भरून ठेवायची. नव्या सुनेनं काहीतरी करून दाखवावं म्हणून मी आंब्याखालचा सगळा पाचोळा झाडून काढला आणि पेटवून दिला. जमीन कशी लख्ख झाली. आई काही बोलल्या नाहीत. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या रोज पहाटे मागचं दार उघडून उभ्या राहत, थोडा वेळ ऐकत, आणि आत येत. चार-पाच दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शिट्टीवाला यंदा आला नाही गं."

त्यांना त्या पक्ष्याचं पुस्तकातलं नाव ठाऊक नव्हतं. त्याचं नाव नवरंग. बुलबुलाएवढा, पाठ हिरवी, पंखावर निळ्याचा तुकडा, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली शेंदरी आणि शेपूट असून नसल्यासारखी. थंडीत तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो, आणि पावसाच्या तोंडाशी रात्रीचा प्रवास करत वर येतो. पहाटे आणि संध्याकाळी, नाहीतर दिवसाही आभाळ भरून आलं की, दोन सुरांची स्वच्छ शिट्टी घालतो. तो झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त. उड्या मारत पाचोळा उलटायचा आणि खालची गांडुळं, किडे, वाळवी वेचायची, यावर त्याचं पोट. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आईंनी एवढंच सांगितलं, "त्याचं ताट उचललंस तू."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी मी आंब्याखाली झाडू फिरवला नाही. २ जून १९९५ला पहाटे तो आला. आईंच्या दुधाच्या हिशेबाच्या दिनदर्शिकेत, त्या तारखेच्या चौकोनात, दीड लिटरच्या खाली मी बारीक अक्षरात 'शिट्टीवाला' असं लिहिलं. तेव्हापासून दर वर्षी लिहिते. दूध आता पिशवीतून येतं आणि त्याचा हिशेब उरलेला नाही, पण चौकोन आहेत.

पेणच्या पावसात खाडीचाही वाटा असतो, हे कळायला मला वेळ लागला. भोगावती नदी गावातून पुढे जाऊन खाडीला मिळते. भांगाच्या दिवसांत पाऊस कितीही असला तरी नदीचं पाणी बऱ्यापैकी खाली उतरत राहतं. पण अमावस्या-पुनवेच्या उधाणाला भरती वर चढते, आणि त्याच घटकेला डोंगरातून लोंढा आला तर नदीला जायला वाट राहत नाही. खारेपाटात, वाशी-वडखळच्या बाजूला, लोक याच हिशेबावर बांध राखतात. बांधाला खांड पडली की खारं पाणी भातात शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं नीट पिकत नाही. म्हणून संततधार लागली की आई आधी तिथी बघत. मी शाळेतून भिजून आले की टॉवेल हातात देता देता त्यांचा प्रश्न असे, "आज तिथी काय गं?" मुलांची वह्या-पुस्तकं माळ्यावर ठेवायची की नाही, ते त्या उत्तरावर ठरे.

२६ जुलै २००५ला तिथी बघायला उसंत मिळाली नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडेही नदी परसात आली. गुडघाभर गढूळ पाणी, त्यावर तरंगणाऱ्या सुपाऱ्या, आणि पेरूच्या फांदीवर वेटोळं करून बसलेली एक धामण. तिच्यापासून हातभर अंतरावर एक खार होती. दोघी दिवसभर तशाच होत्या. पाणी ओसरल्यावर चार बोटं गाळ राहिला. पुढे कितीतरी दिवस परस अगदी मुका होता. त्या गाळात पुढच्या वर्षी आळू मात्र पुरुषभर वाढला.

आईंचं माहेर रोह्याचं, कुंडलिकेच्या काठचं. रोह्याची माणसं चिंतामणराव देशमुखांचं नाव काढल्याशिवाय राहत नाहीत, कारण त्यांचं बालपण तिथलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मला त्यांच्या चरित्रातली वेगळीच गोष्ट जवळची वाटते. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातलं पारितोषिक मिळवलं. मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. बागकामाची आवड त्यांनी शेवटपर्यंत राखली. ज्या मुलानं रोह्याचा पावसाळा पाहिला त्याला झाडं आणि ढग या दोन्हींची ओढ लागावी यात मला काही नवल वाटत नाही. आईंना ते पारितोषिक वगैरे ठाऊक नाही. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रोह्याचेच ना, झाडं कळणारच."

दुसरं नाव आमच्या याच मुलखाशी जोडलेलं आहे ते सालिम अलींचं. जूनच्या अखेरीस आमच्या विहिरीवरच्या नारळाच्या झावळ्या चिरफाळलेल्या दिसू लागतात. सुगरण नर पातीच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, तिथली कड चोचीत धरतो आणि उडतो. त्याच्यामागे हातभर लांब हिरवा दोरा सुटून येतो. घरटी आमच्याकडे नाहीत, ती तिकडे खारेपाटात, पाण्यावर झुकलेल्या बाभळी आणि शिंदींवर. आमच्याकडून फक्त दोरा जातो. पेणहून तासाभराच्या अंतरावर किहीम आहे. १९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांची नोकरी उरलेली नव्हती, आणि ते पत्नीसह किहीमला येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी तिच्याकडे तासन्‌तास लक्ष देऊन पाहिलं, आणि १९३१ साली ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. नर घरटं अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन ती अर्धी घरटी आतून-बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो. तोवर हे कुणी इतक्या बारकाईनं पाहिलेलं नव्हतं. किहीमच्या माणसांनी ती घरटी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. एका माणसानं एक पावसाळा जागेवरून न हलता पाहिली. मी जेव्हा जेव्हा पडवीत बसून वेळ घालवते असं घरातल्या कुणाला वाटतं, तेव्हा मला किहीम आठवतं आणि मी उठत नाही.

३ जून २०२०. टाळेबंदीमुळे सगळे घरात. चक्रीवादळाचं नाव निसर्ग. सकाळपासून दूरदर्शनवर नकाशा, त्यावरची ती फिरणारी पांढरी चकती, आणि तिचं टोक सरळ आमच्या किनाऱ्यावर. वादळाआधी पक्ष्यांना कळतं असं म्हणतात. मी त्या सकाळी मुद्दाम पडवीत जाऊन बसले होते. मला वेगळं काही दिसलं नाही. दयाळ शेवग्यावर गात होता. तांबट ठोकत होता. साडेआठच्या सुमारास सातभाई नेहमीसारखे भांडत भांडत केळीतून गेले. नवरंग दोनच दिवसांपूर्वी, १ जूनला, आला होता. चौकोनात नोंद आहे.

दुपारी अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनाऱ्यावर चढलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, असं नंतर वाचलं. आकडा वाचून काही कळत नाही. वारा आधी डोंगराकडून आला. सुपाऱ्या वाकल्या, सरळ झाल्या, वाकल्या. सुपारीला वाकणं माहीत असतं, म्हणून आम्हाला धीर होता. मग तो फिरला आणि खाडीकडून आला, आणि आता जे वाकायचं ते उलट दिशेनं. तेव्हा एकेक सुपारी मधोमध मोडू लागली. आवाज वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा नव्हता, ओला होता. कौलं उडत होती, आणि आई देवघराच्या कोपऱ्यात बसून मोजत होत्या, "चार. पाच." सहा सुपाऱ्या गेल्या. गडग्याकडचा नारळ गेला. आंबा कधी पडला ते आम्हाला वाऱ्याच्या आवाजात कळलंच नाही. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर दारात पानं होती. हिरवी, ओली, फांद्यांसकट. झाड सबंध आडवं होऊन आमच्या पडवीपर्यंत पोचलं होतं, आणि जिथे ते उभं होतं तिथे आभाळ होतं.

आंबा आजेसासऱ्यांच्या वडलांनी लावलेला. त्याच्या बुंध्याला हात लावून आई तिथेच खाली बसल्या.

दोन दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. गल्लीच्या टोकाचा वडही पडला होता. वीज नव्हती, रस्त्यात तारा आणि फांद्या, तोंडाला फडकं बांधलेलं. आईंनी सूत आणि एक हापूस घेतला आणि निघाल्या. मी सोबत गेले. आणखी चार-पाच जणी आल्या होत्या, लांब लांब उभ्या. पडलेल्या वडाला प्रदक्षिणा घालता येत नाही, एका बाजूला पारंब्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला उपटलेली मुळं. आईंनी सूत बुंध्याखालून सरकवून पलीकडून ओढून घेतलं आणि गाठ मारली. बाकीच्या बायकांनी तसंच केलं. घरी येताना आई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कुठं जायचं ते बघायला हवं."

आमच्याकडे अकरा दिवस वीज आली नाही. त्या दिवसांइतकं मी परसाकडे कधीच पाहिलं नसेल. खाडीकडच्या बाजूची पानं तिसऱ्या दिवशी तपकिरी पडली, जणू कुणी त्यांवरून इस्त्री फिरवली होती. वाऱ्यानं मीठ आणलं होतं. शिंजिराची जोडी जास्वंद जिथे होती त्या जागी हवेत थरथरत राहायची आणि निघून जायची. जास्वंद आंब्याखाली सापडली होती. आम्ही साखरेचं पाणी ठेवलं, त्याकडे ती फिरकली नाहीत. नवरंगाचा आवाज ३ जूननंतर नाही. ४ला नाही, ५ला नाही, ६ला नाही. रस्त्यात एक मेलेला सापडला असं शेजारी सांगत होते. मी जाऊन पाहिलं नाही.

७ जूनला, मृग निघाला त्या पहाटे, शिट्टी आली. आडव्या पडलेल्या आंब्याच्या आतून. तोच की दुसरा कुणी, हे सांगता येणार नाही. पण फांद्यांच्या त्या गुंत्यात, पडवीपासून दहा हातांवर, तो होता. पडलेल्या झाडाची पानं आता गळून आत पाचोळा होऊ लागली होती. आंब्यानं पडताना त्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

वखारवाल्याचा माणूस लाकडासाठी दोनदा येऊन गेला. छप्पर नीट करायचं होतं, पैशाची गरज होती, आणि लाकूड पावसात जितकं राहील तितका भाव उतरणार होता. आईंनी त्याला पडवीतूनच सांगितलं, "गौरी झाल्यावर या." जुलैभर शिट्टी येत राहिली. घरटं आम्ही शोधलं नाही. त्या गुंत्यात हात घालायचाच नाही असं घरात ठरलेलं होतं. त्या वर्षी गौरीसाठी तेरडा आणायला गडग्यापर्यंत जाताही येईना, तो फांद्यांच्या पलीकडे होता. आईंनी जवळचा दोन काड्यांचा तेरडा घेतला आणि तेवढ्यावर गौर बसवली.

आंब्याची मुळं उपटली तिथे मोठा खड्डा पडला होता, पुरुषभर रुंद आणि गुडघ्याएवढा खोल. तो बुजवायचा राहून गेला, आणि पावसानं भरला. मला त्या खड्ड्याबद्दल लिहायचंच आहे, कारण या परसात जे जे मी पाहिलं त्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जुलैत त्याच्या काठच्या आळवावर मुठीएवढा पांढरा फेस दिसला. मला वाटलं साबणाचं पाणी. तो झाडावर चढणाऱ्या बेडकीनं बांधलेला होता. अंडी त्या फेसात असतात, खाली पाणी हवं, आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप पाण्यात पडतात. आम्ही दोघी छत्री धरून ते पाहायला उभ्या राहिलो, आणि पडताना एकही दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी पाण्यात काळ्या ठिपक्यांची गर्दी होती. पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींना एरवी लांब शेतात जे बैलबेडूक ओरडतात, त्यांतले दोन पुढच्या जूनमध्ये आमच्या खड्ड्यात आले. नर हळदीत बुचकळून काढल्यासारखे पिवळे झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एक दिवस आणि एक रात्र. मग पुन्हा शेवाळी रंगाचे झाले आणि कुठे गेले कळलं नाही.

सप्टेंबरात चतुर. ते आधीही येत, भाद्रपदाचं ऊन पडलं की परसावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगायचे. आई म्हणायच्या, "चतुर खाली आले, आता पाऊस पाठ फिरवणार." पण आता खड्ड्याच्या काठच्या गवतावर सकाळी त्यांच्या रिकाम्या सालीही दिसू लागल्या, मुठीत घेतल्या तर चुरा होईल इतक्या हलक्या. म्हणजे ते आमच्याच घरचे होते. चार-सहा आठवडे आंब्याच्या खड्ड्यात वाढलेले. चार्ल्स अँडरसन या मालदीवमध्ये राहणाऱ्या जीवशास्त्रज्ञानं २००९ साली लिहिलं की याच जातीचे चतुर ऑक्टोबरात भारताकडून समुद्र ओलांडून मालदीववर येतात. तिथे त्यांना उपयोगाचं गोडं पाणी फारसं नाही, ते थांबत नाहीत. उंचावरचा वारा धरून ते पुढे पूर्व आफ्रिकेला पोचतात, जिथे तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. त्यांना अंड्यांसाठी पावसाची ताजी डबकी लागतात, आणि डबक्यांमागोमाग ते एवढा समुद्र पार करतात. आमच्या परसातला एखादा तिथवर गेलाच असेल असं मला म्हणता येत नाही. पण ऑक्टोबरात ते एका दिवसात दिसेनासे होतात तेव्हा मी नैर्ऋत्येला, खाडीच्या दिशेला बघते.

आंब्याची सावली गेल्यानं पुष्कळ काही गेलं. मिरवेल जळाली, वेलचीची दोन खोडं जळाली. जिथे चाळीस-पन्नास वर्षं ऊन पोचलं नव्हतं तिथे पोचलं, आणि रानमोडी उगवली. ती दर पंधरा दिवसांनी मुळासकट उपटावी लागते, नाहीतर दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. पपयांची आठ रोपं बुलबुलांनी लावली. पपनशीला ऊन मिळालं, तिला कोवळी पालवी जास्त येऊ लागली, आणि तिच्यावर नीलवंत अंडी घालू लागला. काळ्या मखमलीवर निळी झाक मारणारं हे फुलपाखरू २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या निम्मी पपनस खातात. आम्ही खाऊ देतो.

थंडीबद्दल फार लिहायला नको, कारण थंडीत परस स्वतःचं स्वतः बघतो. भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि मग तो दवावर वाढतो. परसातल्या मांडवावरच्या वेलालाही तेच लागतं, पहाटे दव आणि दिवसा कोरडं ऊन. ढगाळ हवा दोन दिवस राहिली तरी कोवळ्या टोकांवर मावा चढतो. शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला, मध्ये मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. भांबुर्डी गडग्याच्या उन्हाच्या बाजूला उगवते. वादळानंतर ती वाढली आहे.

आता नक्षत्रं आणि पाऊस यांचं पूर्वीसारखं जुळत नाही. २०२३ साली मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. आमच्याकडे मृग कोरडा गेला. नवरंग ३ जूनला आला होता. तीन आठवडे तो तापलेल्या, भुरभुरीत पाचोळ्यात उड्या मारत होता. गांडुळं कधीच खोल गेली होती. आईंनी मला आंब्याच्या जागी, खड्ड्याच्या काठाला, रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी शिंपायला लावलं. विहीर तळाला गेली होती तरी. आणि २०२५ साली तोच पाऊस मुंबईत २६ मेला, रोहिण्या लागल्या न लागल्या तोच आला. मुंबईच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधी आलेला नव्हता. आगोटीची कामं अर्धी राहिली. आमच्या गल्लीत पापड ओट्यावरून आत नेले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत, खोलीत पंख्याखाली वाळवले. शेजारी गणपतीचा कारखाना आहे. तिथे शाडूच्या ओल्या मूर्ती रांगेनं उभ्या होत्या, आणि हवेत इतका ओलावा की हात लावला तर बोट उमटे. त्या वर्षी काजवे जेमतेम चार रात्री दिसले. एरवी मेच्या अखेरीला विहिरीमागच्या कुडाजवळ ते दहा-बारा दिवस तरी असतात. काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, म्हणून गोगलगायींसाठी औषध टाकणं आम्ही कधीचंच बंद केलं आहे. तरी चारच रात्री.

आई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. गुडघे बोलतात म्हणून पाटाऐवजी खुर्ची आली आहे, पण बिरडं अजून त्याच सोलतात. दोन वर्षांपासून त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. पाऊस ऐकू येतो, कावळा ऐकू येतो, शिट्टी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज पहाटे मी मागचं दार उघडते, आणि आतून आवाज येतो, "आला का गं?"

२९ मे २०२५. तीन दिवस पडत असलेला पाऊस पहाटे भुरभुरीवर आला होता. पागोळ्या आता एकेक थेंब करून गळत होत्या. आई खुर्चीत, मांडीवर परात. मला शिट्टी ऐकू आली. एकदा, थोडं थांबून पुन्हा. पडून राहिलेल्या बुंध्याच्या बाजूनं येत होती, पण दिसत काही नव्हतं. वाळवीनं पोखरलेलं लाकूड, त्यावर चढलेली शेवाळ, आणि त्याच्या आडोशाला कोयीतून उगवून आता माझ्या उंचीचं झालेलं आंब्याचं रोप. मी मान लांब करून बघत होते. चष्मा पुसला. आईंना सांगितलं, "आला. ऐकू येतोय, पण दिसत नाही कुठं."

त्यांचे हात थांबले. थोडा वेळ त्या पागोळ्यांच्या पलीकडे बघत राहिल्या. मग हनुवटीनंच दाखवत म्हणाल्या, "तिथं बघ, रोपाच्या उजवीकडं. पाचोळा हलतोय."